अंग चोरलेला प्रोटॉन

गेल्या रविवारी ताईकडे गेलो होतो. भाची नववीत आहे. विज्ञानाचं पुस्तक पुढ्यात घेऊन मोठमोठ्याने घोकत बसली होती. सोन्याचा पातळ पत्रा, त्यावर अल्फा कणांचा मारा, बहुतेक कण आरपार, काही थोडे वळले, एखादाच थेट उलटा फिरला. म्हणून अणूच्या मध्यभागी केंद्रक. झालं. आकृती काढली की पूर्ण मार्क. पान उलटता उलटता तिने सहज विचारलं, "मामा, मग पुढे काय केलं त्यांनी?"

"पुढे बोर आला," असं सांगून मी वेळ मारून नेली. पण घरी येताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण पुढे त्यांनी तेच केलं. कशावर तरी काहीतरी फेकायचं आणि मोठ्या कोनात कोण वळतंय ते बघत बसायचं. शंभर वर्षं हेच चाललंय. आणि त्या मालिकेतला मला सगळ्यात आवडणारा भाग सुरू झाला १९८२ साली. तो कुठल्याच शाळेच्या पुस्तकात नाही, आणि तो का नाही याबद्दल माझं एक मत आहे. आजची पोस्ट त्याबद्दल.

(नेहमीची सूचना: मी कॉम्प्युटरवाला, फिजिक्सवाला नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.)

आधी त्या सोन्याच्या पत्र्याबद्दल दोन गोष्टी, कारण आपण ती गोष्ट जरा जास्तच गुळगुळीत करून सांगतो. १९०९ साली मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन यांनी हे काम केलं. मार्सडेन तेव्हा वीस वर्षांचा होता, पदवीसुद्धा झाली नव्हती. अंधाऱ्या खोलीत बसायचं, झिंक सल्फाइडच्या पडद्यावर मायक्रोस्कोप लावायचा, आणि कण आपटला की होणारी बारीकशी लकाकी डोळ्याने मोजायची. आठ हजारात एक कण मागे फिरतो, हा जो प्रसिद्ध आकडा आहे, तो मुळात प्लॅटिनमच्या पट्टीवरचा आहे, सोन्याच्या नाही. रुदरफोर्डने त्याचा अर्थ लावून पेपर छापला १९११ मध्ये, म्हणजे मध्ये दोन वर्षं गेली. त्या पेपरात 'न्यूक्लियस' हा शब्द नाही. मधला भार धन आहे की ऋण, हेही त्याने उघडं ठेवलं होतं. मग गायगर-मार्सडेन परत अंधारात जाऊन बसले आणि एक लाखाच्या वर लकाक्या मोजून १९१३ साली त्याचं सूत्र तपासलं. परीक्षेत हे सगळं एका ओळीत येतं, आणि वाटतं की एका दुपारी कण उलटा फिरला आणि संध्याकाळपर्यंत केंद्रक सापडलं.

आता मोठा कोनच का? कॅरम खेळणाऱ्यांना हे सांगायला नको. स्ट्रायकर सोंगटीला नुसता चाटून गेला तर थोडासाच वळतो, आणि त्यावरून सोंगटीबद्दल फार काही कळत नाही. नीट भिडला तरच सगळी मजा. कणांच्या जगात हे आणखी टोकाचं आहे. जितका मोठा धक्का, तितकं बारीक अंतर दिसतं. मोठ्या कोनात वळलेला कण म्हणजे सगळ्यात जवळून काढलेला फोटो. पण असे कण दुर्मिळ असतात, आणि दुर्मिळ गोष्टीसाठी चिकाटीने बसावं लागतं.

१९२१ मध्ये चॅडविक आणि बीलर यांनी हायड्रोजनवर अल्फा कण सोडले. मोठ्या कोनात रुदरफोर्डचं गणित चुकतंय असं त्यांना दिसलं, म्हणजे अगदी जवळ गेल्यावर विजेशिवाय वेगळंच बल लागू होतंय. १९६० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात स्लॅकमध्ये प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन मारले, तर अपेक्षेपेक्षा खूप जास्त इलेक्ट्रॉन मोठ्या धक्क्याने वळून आले. म्हणजे प्रोटॉनच्या आतही काहीतरी टणक, दाण्यासारखं आहे. ते क्वार्क. १९९० चं नोबेल त्याला मिळालं. हा झाला वेगवान आढावा.

आता खरी गंमत.

प्रोटॉनवर प्रोटॉन आपटा, आणि फक्त अशाच घटना बघा जिथे दोन्ही प्रोटॉन अखंड राहिले आणि काटकोनात वळले (दोघांच्या बरोबर मध्ये उभं राहून पाहिलं तर काटकोन). जरा विचार करा. प्रोटॉन ही तीन क्वार्कची सैलसर पिशवी आहे. एका क्वार्कला इतका जबर धक्का बसला की तो नव्वद अंशात वळला, तर बाकीचे दोन सरळ जायला हवेत आणि पिशवी फाटायला हवी. बहुतेक वेळा ती फाटतेच. मग ज्या थोड्या टकरींत ती फाटत नाही, तिथे काय झालेलं असतं?

ब्रॉड्स्की आणि फरार यांनी १९७३ मध्ये, आणि त्याच वर्षी सोव्हिएत बाजूला मात्वेयेव्ह, मुरादयान आणि ताव्खेलिझे यांनी, हिशेब मांडला. तिन्ही क्वार्क एकत्रच वळायचे असतील तर त्या क्षणी ते एकमेकांना चिकटून असायला हवेत. येणारे तीन अधिक तीन, जाणारे तीन अधिक तीन, एकूण बारा. त्यातून दोन वजा, राहिले दहा. टक्करीच्या ऊर्जेचा वर्ग दुप्पट केला की काटकोनात वळण्याचं प्रमाण दोनच्या दहाव्या घाताने पडतं. म्हणजे १०२४ पट! (आपल्या धंद्यातला आकडा असा अवचित भेटला की बरं वाटतं.) प्रयोगात प्रमाण साधारण तसंच पडतं. साधारण म्हटलं, कारण खऱ्या आकड्यांची रेघ त्या उतारावर सरळ उतरत नाही, किंचित वरखाली हेलकावे घेत उतरते. हा हेलकावा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण उतार बरोबर आला म्हणजे कारणही बरोबर असं होत नाही. लँडशॉफ यांनी १९७४ मध्ये दाखवलं की तीन क्वार्क तीन वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे आपटूनही नेमके एकाच दिशेला वळू शकतात. त्यात प्रोटॉन लहान व्हायची गरजच नाही. मग टक्करीच्या क्षणी प्रोटॉन खरंच आक्रसलेला होता की नाही, हे कसं मोजणार? एक सेकंदाच्या कितीतरी लक्ष-कोटीव्या भागात सगळा खेळ संपतो. पट्टी कुठून आणायची?

इथे १९८२ मध्ये ब्रॉड्स्की आणि म्युलर यांनी जी कल्पना मांडली ती वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. ते म्हणाले, टक्कर मोकळ्या जागेत कशाला करता? अणूच्या केंद्रकाच्या पोटात करा. म्हणजे कार्बन किंवा ॲल्युमिनियमच्या केंद्रकातल्या एका प्रोटॉनवर बाहेरून प्रोटॉन मारा, काटकोनी टक्कर होऊ द्या, आणि दोन्ही प्रोटॉन त्या गर्दीतून धडपणे बाहेर येतात का बघा. गर्दी हीच पट्टी.

विरार लोकल आठवा. दाराशी उभं राहून आत शिरायचंय. हातपाय पसरून गेलात तर दर पावलाला कोणाला तरी धडकणार. अंग चोरून गेलात तर सुळकन पार. केंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉन इतके दाटीवाटीने असतात की नेहमीच्या आकाराचा प्रोटॉन जेमतेम दोन फेमटोमीटर जाईपर्यंत कोणावर तरी आपटतो, आणि कार्बनचं केंद्रक आरपार पाचेक फेमटोमीटर आहे. पण तिन्ही क्वार्क एकमेकांना चिकटलेले असतील तर त्यांचे तीन 'रंग' एकमेकांना खाऊन टाकतात. (हे रंग म्हणजे प्रबळ बलाचा भार. लाल-पिवळ्याशी काही संबंध नाही, नाव ठेवणाऱ्यांची हौस.) बाहेरून बघणाऱ्याला तिथे काही आहे हेच जाणवत नाही. विजेच्या बाबतीत अशी गोष्ट पर्किन्स यांनी १९५५ मध्ये पाहिलेली होती. नुकतीच जन्मलेली इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जवळजवळ असेपर्यंत तिचा मागसुद्धा फिका उमटतो, कारण अधिक आणि वजा एकमेकांना झाकतात. केंद्रकातल्या या प्रकाराला नाव पडलं कलर ट्रान्सपरन्सी. आपण रंग-पारदर्शकता म्हणू.

एकच अडचण. अंग चोरून माणूस किती वेळ राहणार? प्रोटॉन लगेच परत फुगायला लागतो. पण तो प्रचंड वेगात असेल तर आपल्या घड्याळाने त्याचं फुगणं लांबतं (आइन्स्टाइनची कृपा), आणि फुगायच्या आत तो दाराबाहेर पडतो. म्हणून भाकीत असं होतं की ऊर्जा वाढवत नेली की केंद्रक हळूहळू पारदर्शक होत जाईल. जुना, साधा हिशेब सांगत होता की ऊर्जेने काही फरक पडणार नाही, रेघ आडवी राहील. एका बाजूला चढती रेघ, दुसऱ्या बाजूला आडवी. इतका स्वच्छ प्रश्न क्वचितच मिळतो.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रूकहेवन प्रयोगशाळा आहे. तिथल्या १९६० सालच्या एजीएस या यंत्रावर हा प्रयोग झाला आणि १९८८ मध्ये निकाल आला. लिथियमपासून शिशापर्यंत वेगवेगळी केंद्रकं वापरली. दर वेळी एक भागाकार काढायचा. वर, केंद्रकातल्या प्रोटॉनवरच्या काटकोनी टकरी. खाली, मोकळ्या हायड्रोजनवरच्या तशाच टकरी. प्रोटॉनचा संवेग ६ जीईव्हीवरून १० पर्यंत नेला, तर भागाकार चढला. झकास! रंग-पारदर्शकता सापडली! मग १२ वर नेला.

भागाकार खाली आला.

कुठल्याही सिद्धांतात हे बसत नव्हतं. आडव्या रेघेत नाही आणि चढत्यातही नाही. अशा वेळी आपण काय करतो ते मला पक्कं माहीत आहे. तीन टेस्ट आहेत, दोन पास, एक फेल, आणि परवा डेमो आहे. तिसरीला 'फ्लेकी' म्हणून बाजूला टाकायचं. त्या लोकांनी तीनही बिंदू छापले. त्याच वर्षी दोन स्पष्टीकरणं आली. ब्रॉड्स्की आणि द तेरामोंड म्हणाले, त्या ऊर्जेच्या आसपास चार्म क्वार्क तयार होण्याचा उंबरठा आहे, तिथे काहीतरी नवीन, मोठ्या आकाराचं घडतंय. राल्स्टन आणि पीर म्हणाले, अहो, भागाकाराच्या खालची संख्या बघा.

हे दुसरं स्पष्टीकरण मला विशेष आवडतं, कारण डॅशबोर्ड बघणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावावं असं ते आहे. मघाचा तो हेलकावा आठवतोय? मोकळ्या प्रोटॉनच्या टकरीत तो हेलकावा आहेच. दोन प्रकारच्या टकरी, एक आक्रसलेल्या प्रोटॉनची आणि एक लँडशॉफवाली ऐसपैस, एकमेकांत मिसळल्यामुळे तो येतो. केंद्रकाच्या पोटात मात्र ऐसपैसवाली टक्कर गर्दीत अडकून गाळली जाते, त्यामुळे तिथे हेलकावा नाही. आता गुळगुळीत संख्येला हेलकावणाऱ्या संख्येने भागा. उत्तर हेलकावणारच! वरची संख्या गरीब बिचारी सरळ चाललीय, नाच खालची करतेय. 'कन्व्हर्जन रेट वाढला' म्हणून मीटिंगमध्ये टाळ्या वाजतात आणि मग कळतं की नुसते व्हिजिटर कमी झालेत. तसलाच प्रकार.

पहिल्या प्रयोगावर एक रास्त आक्षेप होता. दोन बाहेर पडणाऱ्या प्रोटॉनपैकी एकाचाच संवेग नीट मोजला होता, दुसऱ्याची फक्त दिशा. म्हणून ब्रूकहेवनमध्येच दुसरा प्रयोग उभारला. 'इव्हा' नावाचा, अतिसंवाहक चुंबकाच्या आत बसवलेला डिटेक्टर, जो दोघांनाही पकडेल. कार्बनवरचे निकाल १९९८ मध्ये आणि मग २००१ मध्ये आले, साडेचौदा जीईव्हीच्या जवळपास पोचेपर्यंत. आधी चढ, मग उतार. तोच. म्हणजे यंत्राची चूक नव्हती.

या इव्हाची आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. केंद्रकातले प्रोटॉन स्वस्थ बसलेले नसतात, इकडेतिकडे पळत असतात. जो प्रोटॉन येणाऱ्या झोताच्याच दिशेने पळतोय त्याच्याशी टक्कर कमी ऊर्जेची होते, आणि ऊर्जा कमी म्हणजे त्या दहाव्या घातामुळे काटकोनी टक्कर कितीतरी जास्त संभवते. थोडक्यात, हा प्रयोग आपोआप केंद्रकातले सगळ्यात वेगाने पळणारे प्रोटॉन निवडून काढत होता. रंग-पारदर्शकता मोजणाऱ्याला ही डोकेदुखी, कारण हिशेबात ती धरावी लागते. पण काही जणांना सुचलं की हीच निवड वापरता येईल. इतक्या वेगाने पळणाऱ्या प्रोटॉनला ढकलणारा कोणीतरी शेजारी असणार, तर तो उलट्या दिशेने उडतो का बघू. उडत होता, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो न्यूट्रॉन होता. २००६ मध्ये छापलेला आकडा ९२ टक्के, अर्थात बऱ्यापैकी रुंद चुकीच्या पट्ट्यासह. केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन क्षणभर घट्ट जोड्या बांधतात, याचा तो सज्जड पुरावा ठरला, आणि २००८ मध्ये अमेरिकेतल्याच जेफरसन लॅबने इलेक्ट्रॉन वापरून तेच दाखवलं. शोधायला गेले होते एक आणि हाती लागलं दुसरं.

मूळ प्रश्नाचं काय झालं? प्रोटॉनने प्रोटॉनवर मारा करण्यात त्रास असा की गर्दीतून तीन जण जातात. आत येणारा एक आणि बाहेर पडणारे दोन. शिवाय तो हेलकावा आहेच. इलेक्ट्रॉनने मारलं तर सोपं. इलेक्ट्रॉनला प्रबळ बल लागतच नाही, तो गर्दीतून भुतासारखा ये-जा करतो, आणि बाहेर पडणाऱ्या एकट्या प्रोटॉनचा हिशेब ठेवायचा. स्लॅकमध्ये १९९४ साली बघितलं, काही दिसलं नाही. मग जेफरसन लॅबमध्ये. तिथे २००७ मध्ये पायॉनच्या बाबतीत पारदर्शकतेची चाहूल लागली, २०१२ मध्ये रो मेसॉनच्या बाबतीत. त्याआधी २००१ मध्ये फर्मीलॅबने ५०० जीईव्हीचे पायॉन कार्बन आणि प्लॅटिनमवर मारून (पुन्हा प्लॅटिनम!) त्याच बाजूने जोरदार पुरावा दिला होता. म्हणजे कल्पना खोटी नाही. पण या सगळ्यांत क्वार्कची जोडी आहे. दोघांना एकत्र आणणं सोपं, तिघांची तारीख जुळणं किती कठीण असतं ते कुठल्याही मित्रमंडळाला विचारा.

प्रोटॉनसाठी मोठा प्रयत्न जेफरसन लॅबचं यंत्र १२ जीईव्हीपर्यंत वाढवल्यावर झाला. मोजणी २०१८ मध्ये, निकाल २०२१ मध्ये. कार्बनच्या केंद्रकातून प्रोटॉन बाहेर काढले, साडेआठ जीईव्हीच्या आसपासच्या संवेगापर्यंत. ब्रूकहेवनमध्ये जिथे चढ दिसला होता तो सगळा टापू यात आला.

रेघ आडवी. चढ नाही, उतार नाही, काही नाही. पेपरच्या शीर्षकातच लिहून टाकलं की या मर्यादेपर्यंत रंग-पारदर्शकता नाही.

१९८२ ते २०२१. एकोणचाळीस वर्षं, तीन-चार प्रयोगशाळा, कित्येकांच्या पीएचड्या, आणि करदात्यांचे पैसे. उत्तर: नाही. निदान इथवर तरी नाही.

आता माझं मत. मला ही गोष्ट सोन्याच्या पत्र्यापेक्षा जास्त मोलाची वाटते, आणि ती पुस्तकात नसण्याचं कारण तिचा अवघडपणा हे नाही. विरार लोकलच्या उदाहरणाने ती नववीतल्या मुलीला सांगता येते, मी सांगून बघितली. ती पुस्तकात नाही कारण तिला टाळीचं वाक्य नाही. आपण विज्ञानाच्या फक्त 'हो' आलेल्या गोष्टी सांगतो. मग पोरांना वाटतं प्रयोग म्हणजे आधीच ठरलेलं उत्तर काढून दाखवायचं काम. कॉलेजच्या लॅबमध्ये आपण सगळ्यांनी आलेखावरून मागे जाऊन रीडिंग लिहिलेली आहेत. ती सवय आकाशातून पडली नाही.

आणि ती सवय नोकरीत बरोबर येते. एका जुन्या ऑफिसात आम्ही चार महिने घालून एक कॅशिंग लेयर लिहिला. लिहायच्या आधी ठरवलं होतं की अमुक इतका फरक पडला तर ठेवू. मोजलं, तर फरक शून्य. मी इमानदारीत तसा स्लाइड केला. आदल्या रात्री तो स्लाइड गायब झाला आणि त्या जागी 'इन्फ्रास्ट्रक्चर मॉडर्नायझेशन' आलं. कोणी खोटं बोललं नाही, नुसता 'नाही' हा शब्द काढला. पुढच्या वर्षी दुसऱ्या टीमने तोच लेयर पुन्हा लिहायला घेतला, कारण तो निरुपयोगी आहे हे कुठेच नोंदलेलं नव्हतं. अपयशाचं मला तितकंसं काही वाटलं नाही, पण त्या दुसऱ्या टीमची आठवण आली की अजून वाईट वाटतं.

यावर एक मित्र म्हणाला, "अरे पण तुझे हे शास्त्रज्ञ तरी हार कुठे मानतायत? आता म्हणतील प्रोटॉन लवकर फुगला, आणखी ऊर्जा द्या, आणखी पैसे द्या. गोलपोस्ट सरकवणं यालाच म्हणतात." आक्षेप चुकीचा नाही. 'अजून थोडं पुढे गेलो की दिसेल' हे वाक्य कायम म्हणता येतं, आणि मी स्वतः ते रिलीजच्या आदल्या रात्री म्हटलेलं आहे. पण फरक असा की २०१८ च्या मोजणीआधी वेगवेगळ्या मॉडेलांच्या रेघा कागदावर होत्या, आणि निकालाने त्यातल्या चढत्या रेघा खोडल्या. जो म्हणेल 'लवकर फुगला', त्याला आता किती लवकर हे सांगावं लागतं, आणि फार लवकर फुगतो म्हटलं तर पायॉनचे निकाल आडवे येतात. जागा कमी कमी होत गेलीय. शिवाय एक जुनी उधारी मिटली. इलेक्ट्रॉनच्या प्रयोगात त्याच टापूत चढ नाही, म्हणजे १९८८ चा तो चढ बहुधा प्रोटॉनच्या आक्रसण्याचा नव्हताच. संशय परत त्या हेलकाव्याकडे, मोकळ्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरीकडे जातो. तीस वर्षं सगळे केंद्रकाकडे बघत होते, आणि कदाचित गोम भागाकाराच्या खालच्या संख्येत होती.

कदाचित म्हणतोय, कारण तो हेलकावा नक्की कशामुळे, यावर अजून एकमत नाही. दोन प्रोटॉन काटकोनात आपटतात तेव्हा आत काय होतं, या इतक्या साध्या प्रश्नाचं धड उत्तर आपल्याकडे नाही. माझ्या हातात असतं तर मी ब्रूकहेवनचा प्रयोग जास्त ऊर्जेवर पुन्हा करायला लावला असता. जपानच्या जे-पार्कमध्ये ३० जीईव्हीचा प्रोटॉन झोत आहे. तिथे भागाकार आणखी एकदा वर चढतो का, हे बघणं एवढंच काम. चढला तर राल्स्टन-पीर यांच्या हेलकाव्याला जोर येईल. नाही चढला, तर तेही लिहून ठेवायचं.

काल भाचीला फोन करून हे सगळं सांगितलं. विरार लोकलपर्यंत ती मन लावून ऐकत होती. भागाकार १२ वर खाली आला म्हटल्यावर तिने विचारलं, "का?" मी म्हटलं, नक्की माहीत नाही, कोणालाच नाही. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "पण हे पेपरला येत नाही ना?"

नाही येत, म्हटलं. पेपरला सोन्याचा पत्राच लिही.